साडी, बिऱ्हाड आणि एक जोडी

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात ज्या मोजक्या विनोदी चित्रपटांना लोकांनी केवळ पाहिले नाही, तर आपल्या नित्याच्या बोलण्यात सामावून घेतले, त्यांत २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अशी ही बनवाबनवी’ ह्या चित्रपटाचे स्थान निर्विवादपणे अग्रभागी आहे. किरण शांताराम ह्यांनी व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सच्या वतीने तो निर्माण केला, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर ह्यांनी केले, लेखन वसंत सबनीस ह्यांचे आणि संगीत अरुण पौडवाल ह्यांचे. पडद्यावर मित्र चार आहेत. परंतु ज्यांच्या नावावर प्रेक्षक तिकीट काढीत होता ती जोडी म्हणजे अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे. ह्या चित्रपटाविषयी लिहिताना बहुतेकांचा भर त्यातील संवादांच्या स्मरणावर असतो, आणि ते साहजिकही आहे. कारण धनंजय माने ह्यांच्या पत्त्याची चौकशी किंवा बुडालेल्या सत्तर रुपयांचा उल्लेख कोठेही निघाला की मराठी माणसाच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटते. तथापि हे संवाद ज्या गरजेतून जन्मले, ती गरज डोक्यावरच्या छपराची होती, आणि त्या गरजेचा विचार केल्यावाचून ह्या हास्याचे बळ नीट कळत नाही, असे मला वाटते. चिंचवड-आकुर्डीच्या कारखानी वस्तीत ज्यांनी भाड्याच्या खोल्यांतून तारुण्य घालविले, त्यांना तर ते अधिकच तीव्रतेने जाणवावे.

कथानक थोडक्यात असे. पुण्यात सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात नोकरी करणारा धनंजय माने हा विश्वास सरपोतदार ह्या करड्या घरमालकाकडे राहतो. त्याचा धाकटा भाऊ शंतनू, आणि पाठोपाठ सुधीर व परशुराम हे मित्र, त्याच्या दाराशी येऊन थडकतात. एका माणसाच्या जागेत चौघे राहू लागल्यावर जे व्हावयाचे तेच होते, आणि सरपोतदार त्यांना बाहेर काढतात. वणवण केल्यावर लीलाबाई काळभोर ह्या वृद्ध बाईंच्या बंगल्यात जागा असल्याचे कळते; परंतु त्यांची अट अशी की, जागा मिळेल ती केवळ विवाहित जोडप्यांना. मग परशुरामाची पार्वती होते व ती धनंजयाची पत्नी ठरते. सुधीरची सुधा होते व ती शंतनूची. पुढे त्याच घरातील मनीषा व सुषमा, धनंजयाची मालकीण माधुरी, परशुरामाची कमळी अशा चौघीजणी ह्या चौघांच्या आयुष्यात येतात आणि एक खोटे सांभाळण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे अशी ती मालिका वाढत जाते.

ह्या कथेचे बीज मराठी मातीतले नाही. शैलेश दे ह्यांच्या ‘जय मा काली बोर्डिंग’ ह्या बंगाली कथानकावर १९५५ मध्ये बंगालीत चित्रपट झाला; त्याच कथेवरून हृषीकेश मुखर्जी ह्यांनी १९६६ मध्ये ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट केला. बाहेरून आलेली कथा आपल्याकडे रुजविण्याची रीत मराठी रंगभूमीला शतकभर परिचित होती; मोलियेरची प्रहसने आपल्या रंगभूमीवर धोतर-पगडी नेसून वावरली होती. परंतु रूपांतर सकस ठरते ते कथेतील अडचण स्थानिक माणसाची अडचण बनते तेव्हाच. सबनिसांनी ती अडचण पुण्यात आणून ठेवली आणि तिला तेथे मुळीच परकेपणा वाटला नाही, ह्याचे कारण पुण्याच्या व त्याच्या पश्चिमेकडील कारखानी पट्ट्याच्या घरटंचाईत आहे.

ती टंचाई एका दिवसात उद्भवलेली नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या पुराने जुन्या पुण्यातील वाडे शेकड्यांनी जमीनदोस्त केले. दुसरीकडे, पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना सुरू झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पाहता पाहता पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांच्या शिवारांत मोटारी, स्कूटर व यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले. सातारा, सोलापूर, अहमदनगर, मराठवाडा येथून कामकरी तरुणांचा लोंढा आला. त्यांच्या वसाहतीची तजवीज करण्याकरिता १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण अस्तित्वात आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. परंतु माणसे ज्या वेगाने आली त्या वेगाने घरे उठली नाहीत. चिंचवड स्टेशनच्या आसपास, मोहननगर-रामनगरच्या बाजूस, एका खोलीत चौघे-सहाजण राहात. त्यांतील कोणी पहिल्या पाळीला, कोणी दुसऱ्या, कोणी रातपाळीला जाणारा असल्यामुळे झोपण्याची जागा हीदेखील पाळीपाळीने वापरली जाई. कॉट बेसिस हा शब्द येथल्या तरुणाला नोकरीच्या हुकुमाइतकाच लवकर शिकावा लागे.

ह्यात कायद्याचाही वाटा होता, आणि तो सामान्य वाचकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठविले आणि भाडेकरूच्या कब्जाला भक्कम संरक्षण दिले. युद्धोत्तर महागाईच्या काळात गरिबाला बेघर होण्यापासून वाचविण्याचा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु पुढे चाळीस वर्षे गेली, चुना-विटांचे दर वाढले, भाडे मात्र जेथल्या तेथे राहिले. आणि एकदा आत आलेला माणूस बाहेर काढावयाचा म्हणजे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा मोजाव्या लागत. साहजिकच मिळकतदार सावध झाले. रिकामी जागा कुलूप लावून ठेवणे त्यांना परवडू लागले, आणि जे जागा देत ते माणूस पारखून, कुटुंब पाहून, ओळखीपाळखीच्या हमीवर देत. अविवाहित तरुण ह्या पारखीत सर्वांत शेवटी येई. त्याच्या पाठीमागे बायको नाही, मुले नाहीत, शेजारपाजारची भीड नाही, तो रात्री केव्हा येईल, कोणास आणील, भाडे बुडवून कोठे जाईल ह्याचा भरवसा काय, अशी ही शंका होती. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने त्या जुन्या कायद्याची जागा घेतली. परंतु १९८८ साली तो पुरता जिवंत होता, आणि म्हणून लीलाबाईंची अट ही लेखकाने ओढूनताणून आणलेली नव्हती. थिएटरात बसलेल्या कित्येकांनी ती अट प्रत्यक्ष कोणाच्या तरी ओसरीवर उभे राहून ऐकलेली होती.

लीलाबाईंच्या आडनावाविषयीही चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते. काळभोर हे हवेली तालुक्यातील जुन्या शेतकरी कुळांचे आडनाव. सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर सर्वांना ठाऊक आहे आणि आमच्या चिंचवड-आकुर्डीकडे काळभोरनगर आहे. कारखाने आले तेव्हा ह्या पट्ट्यातील मूळच्या जमीनधारकांच्या घरांभोवती भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरी पिकविणारी कुळे घरमालक झाली. हे आडनाव योजताना लेखकाच्या मनात काय होते ते असो. पुण्याच्या परिसरात भाडेकरू व मालक ह्यांचे जे नवे नाते त्या दशकांत घडत होते, त्यातील मालकाच्या बाजूस हे नाव किती चपखल बसते, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता साडीकडे वळू. कारण ह्या चित्रपटाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. पुरुषाने स्त्रीवेष घेणे ही गोष्ट महाराष्ट्राला दोन वेगवेगळ्या वाटांनी परिचित होती. एक वाट संगीत नाटकाची. बालगंधर्वांनी भामिनी, सिंधू, रुक्मिणी उभ्या केल्या तेव्हा प्रेक्षकांनी नटाचे पुरुषत्व विसरावे, किंबहुना कुलीन स्त्रियांनी आपले नेसणे-माळणे त्यांच्यावरून घ्यावे, हा त्या कलेचा परमोत्कर्ष होता. दुसरी वाट तमाशातील गौळणीची. तेथे मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची म्होरकी असलेली मावशी ही पुरुष सादर करतो. आणि पदराआड पुरुष आहे हे कोणी क्षणभरही विसरू नये, ह्यावरच तिचा सारा विनोद उभा असतो. एका वाटेवर वेष सत्य झाकतो, दुसऱ्या वाटेवर वेष सत्य वारंवार उघडे करतो. वसंत सबनीस ह्यांना ह्या दोन्ही वाटा आतून ठाऊक होत्या. दादा कोंडके ह्यांना कीर्तिशिखरावर नेणारे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे १९६५ चे लोकनाट्य त्यांचेच, आणि १९७१ चा ‘सोंगाड्या’ही त्यांच्याच लेखणीतला. म्हणून ‘बनवाबनवी’त दोन पुरुषांना साडी नेसविताना त्यांनी एकाच प्रकारच्या दोन प्रती काढल्या नाहीत. सचिन ह्यांची सुधा ही पहिल्या परंपरेतली आहे: नाजूक, सावरलेली, लाजरी, खरोखर फसवू शकेल अशी. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांची पार्वती ही गौळणीतल्या मावशीची थेट वारस आहे. तिचा पदर सतत घसरावयाच्या बेतात असतो, चाल मध्येच पुरुषी होते, राग आला की आवाज तळातून येतो. ह्या दोघी शेजारी उभ्या राहिल्या की, महाराष्ट्राच्या रंगपरंपरेतील दोन प्रवाह एकाच चौकटीत आलेले दिसतात, आणि ह्या चित्रपटाकडे केवळ धांगडधिंगा म्हणून पाहणाऱ्या समीक्षकाने हे दृश्य एकदा लक्षपूर्वक पाहावे अशी माझी विनंती आहे.

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. ज्याला आपण धसमुसळा विनोद म्हणून खालच्या पायरीवर बसवितो, त्यात आंगिक व आहार्य ह्यांचे महत्त्व सर्वाधिक असते. शरीर व वस्त्र ह्यांची झटापट हाच त्याचा विषय. परंतु ती झटापट नुसतीच दाखविली तर प्रेक्षक थोड्याच वेळात कंटाळतो. तिला अर्थ येतो तो शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसामुळे, ज्याला ती झटापट लपवावयाची आहे. जोडीच्या विनोदाचे मर्म येथेच आहे. हॉलिवूडच्या लॉरेल व हार्डी ह्यांच्यात गोंधळ घालणारा एक आणि त्या गोंधळाची लाज वाटणारा दुसरा. आपल्याकडे चिं. वि. जोशी ह्यांनी चिमणराव व गुंड्याभाऊ निर्माण केले. मास्टर विनायक ह्यांनी १९४० मध्ये ‘लग्न पाहावे करून’ ह्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग ह्यांच्याकडून ते साकारून घेतले, आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनी त्यांना नव्या पिढीसमोर आणले. भित्रा, पापभीरू चिमणराव आणि आडदांड गुंड्याभाऊ ह्यांच्या विरोधातच हास्य होते.

अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी ह्या मालिकेतील पुढचा व कदाचित सर्वांत लोकप्रिय टप्पा. सराफ हे गोपीनाथ सावकार ह्या नामवंत नाट्यदिग्दर्शकाचे भाचे, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ययाति आणि देवयानी’तील विदूषकाच्या भूमिकेतून ते रंगभूमीवर आले, स्टेट बँकेची नोकरी सांभाळीत नाटके केली, आणि १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ने त्यांना चित्रपटात स्थिर केले. बेर्डे हे मुंबईच्या साहित्य संघाच्या वातावरणात घडले आणि पुरुषोत्तम बेर्डे ह्यांच्या ‘टूरटूर’ ह्या नाटकाने प्रकाशात आले. महेश कोठारे ह्यांच्या १९८५ च्या ‘धूमधडाका’ ह्या चित्रपटाने दोघांना एकत्र आणले, आणि तेथून पुढे दशकभर मराठी चित्रपटाचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात ह्या दोघांच्या खांद्यांवर उभे राहिले.

त्यांच्यातील कामाची वाटणी ‘बनवाबनवी’त जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. खोटे रचावयाचे धनंजयाने. ते अंगावर वागवावयाचे परशुरामाने. धनंजय हा ह्या बनावाचा कारभारी आहे: तो कारणे देतो, नाती जुळवितो, मधुमेहावरचे औषध इस्तंबूलहून मागविण्याची थाप तोंडावरची रेषा न हलवता मारतो. सराफ ह्यांच्या विनोदाची सारी ताकद त्या न हलणाऱ्या रेषेत आहे. बोलणे संपल्यावर ते अर्धा क्षण थांबतात, समोरच्याला खोटे पचले की नाही ह्याचा डोळ्यांनीच अदमास घेतात, आणि तो अर्धा क्षण प्रेक्षकाला हसण्यासाठी मोकळा सोडतात. बेर्डे ह्यांची लय ह्याच्या नेमकी उलट, उतावळी, ओसंडणारी. एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे सुरू, आणि हात, खांदे, भुवया ही सर्व एकदम बोलू लागलेली. लीलाबाईंपुढे पत्नी म्हणून पार्वतीचा परिचय करून देताना धनंजयाच्या जिभेवर पुल्लिंग येते, ते दृश्य पाहावे. एवढ्या कसबी थापाड्याची जीभ नेमकी तेथे अडखळते, कारण शेजारी उभा असलेला आपला मित्रच आहे हे त्याच्या मनाला त्या क्षणी विसरता येत नाही. विनोद शब्दांचा वाटतो खरा, पण तो मैत्रीतून आलेला आहे.

लेखकाने ह्या गाजलेल्या जोडीस चक्क पतिपत्नी करून टाकले, ही मला ह्या पटकथेतील सर्वांत प्रतिभावान कल्पना वाटते. दोन मित्रांमधील रुसवे, हक्क, कुरबुर, एकमेकांवाचून न चालणे हे सारे संसाराच्या भाषेत मांडता आले. त्याचा कळस पार्वतीच्या डोहाळजेवणात होतो. महाराष्ट्रातील घराघरात अत्यंत कौतुकाने होणारा हा विधी; हिरवी साडी, फुलांचे अलंकार, सभोवार सुवासिनी आणि गाणे. पौडवाल ह्यांनी त्या गाण्याची चाल विडंबनाची बांधली नाही, खऱ्या डोहाळगीताच्या गोडव्याची बांधली, आणि म्हणूनच ते पुढे खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणांतही वाजू लागले. संगीताने गांभीर्य सोडले नाही म्हणून मध्यभागी बसलेल्या परशुरामाची अवस्था इतकी हास्यकारक झाली. शांताराम नांदगावकर व सुधीर मोघे ह्यांची गीतरचना आणि त्या चाली ह्यांनी ह्या धावपळीच्या चित्रपटास मधून मधून विसावा दिला, हेही नमूद केले पाहिजे.

दोष नाहीत असे नाही. बळी नावाच्या गुंडाचे उपकथानक केवळ शेवट गाठण्यासाठी आणलेले दिसते; विजू खोटे ह्यांच्यासारख्या नटास त्यात वाव थोडा, आणि अखेरची मारामारी ही त्या काळच्या हिंदी चित्रपटांची उसनवार आहे. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीच्या दुःखावर बेतलेला विनोद आज ऐकताना मनास टोचतो, आणि तो टोचावा हेच योग्य. अश्विनी भावे, निवेदिता जोशी, सुप्रिया पिळगांवकर, प्रिया अरुण ह्या चौघीही समर्थ अभिनेत्री. परंतु पटकथेने त्यांना प्रेमात पडण्यापलीकडे फारसे काम दिले नाही, आणि सर्वाधिक चतुर प्रसंग साडीतल्या पुरुषांच्या वाट्यास गेले.

घरमालकांच्या बाबतीत मात्र लेखकाने अन्याय केला नाही, ह्याचे मोल मी फार मानतो. बेघरांची बाजू घेणाऱ्या कथेत मालकाला कृपण राक्षस बनविणे सर्वांत सोपे होते. सुधीर जोशी ह्यांनी उभे केलेले सरपोतदार चिडखोर आहेत, परंतु त्यांची तक्रार रास्त आहे. एकाला दिलेल्या जागेत चौघे राहात आहेत, रात्री झोपू देत नाहीत, आणि औषधाचे पैसे बुडाले आहेत ते वेगळेच. नयनतारा ह्यांच्या लीलाबाई तर ह्या चित्रपटाचे अंतःकरणच होत. दोन खोट्या सुनांवर त्या जी माया करतात ती खरी आहे, आणि त्या मायेपुढे ह्या चौघांना आपल्या लबाडीची लाज वाटू लागते. शेवटी त्या क्षमा करतात, आणि ती क्षमा प्रेक्षकाला पटते, कारण ह्या पोरांनी चोरी केली ती राहण्यापुरत्या आसऱ्याची, हे तोपर्यंत त्यालाही कळून चुकलेले असते.

गुरुवार हा आमच्याकडे कारखान्यांचा सुट्टीचा वार. त्या दिवशी पिंपरीच्या विशाल व अशोक ह्या चित्रपटगृहांकडे खोल्याखोल्यांतून निघालेले तरुणांचे घोळके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना विनोदी चित्रपट हा कामगारांच्या आठवड्यात कोणत्या जागी होता हे ठाऊक आहे. पुढे व्हिडिओ आला, गणेशोत्सवात चौकाचौकांत पडदे लागले, दूरचित्रवाहिन्यांनी हा चित्रपट पुनःपुन्हा दाखविला. १९९१ मध्ये तेलुगूत ‘चित्रम् भलारे विचित्रम्’ ह्या नावाने त्याच धर्तीचा चित्रपट निघाला. शंतनूची भूमिका करणारे सिद्धार्थ रे २००४ च्या मार्चमध्ये गेले, त्याच वर्षीच्या १६ डिसेंबर रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले, आणि पुढील डिसेंबरात सुधीर जोशी. अशोक सराफ ह्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार व २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दरम्यान कारखाने चिंचवडहून उत्तरेस चाकणपर्यंत सरकले आणि त्यांच्यापाठोपाठ खोल्यांच्या रांगाही. बीड, लातूर, नांदेड, बुलढाण्याहून आलेली मुले आता महाळुंगे-खराबवाडीच्या बाजूस जागा शोधतात, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करतात, डिपॉझिट भरतात, आणि जागा फक्त कुटुंबाला दिली जाईल हे एजंटाकडून ऐकतात. संध्याकाळी पाळी सुटल्यावर मेसच्या जेवणाआधी त्यांच्या मोबाइलवर परशुराम पार्वती होत असतो, आणि तो कशासाठी होतो आहे हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.